मोटारीचें रोगण



ठाण्याच्या पोखरण रस्त्यानें वर्तकनगराकडे जाऊं लागलें म्हणजे मोटारीच्या रंगावर संरक्षक लेप चढवून देणाऱ्यांची एखादी तरी पाटी दृष्टीस पडते. कोणी सिरॅमिक लेपाचें आश्वासन देतो, कोणी ग्राफीनचें. कोणी गाडीच्या सर्वांगावर पारदर्शक कातडें बसवून देतों म्हणतो. मोबदला कांहीं हजार रुपयांपासून लाखाच्या वर जातो आणि हमी पुष्कळदां पांच-पांच वर्षांची असते. हा भाग एके काळीं गृहनिर्माण मंडळाच्या साध्या इमारतींचा आणि शेजारच्या रेमंडच्या लोकर-गिरणींतील कामगारांचा होता. आतां ती गिरणी नाहीं; तिच्या आवारांत उंच मनोरे उठले आहेत, आणि मनोऱ्यांच्या पायथ्याशीं मोटारींच्या रांगा. ज्या कुटुंबानें पांच-सात वर्षें हप्ते भरण्याचें मान्य करून पहिली गाडी घेतली, त्याच्यापुढें गाडी ताब्यांत येण्याच्या दिवशींच विक्रेता प्रश्न टाकतो : लेप लावावयाचा ना? हो म्हणावें तर खर्च. नको म्हणावें तर आपण नव्या वस्तूची हेळसांड करीत आहों असें मनाला लागून राहतें.

ह्या प्रश्नाचा उलगडा दुकानांतल्या माहितीपत्रकापेक्षां इतिहासांत अधिक चांगला होतो असें मला वाटतें. कारण मोटारीच्या रंगाचें रक्षण म्हणजे नेमकें कशाचें रक्षण, ह्याचा अर्थच गेल्या सव्वाशें वर्षांत तीन-चार वेळां पालटला आहे. आणि जुन्या अर्थाची भीति दाखवून नवा माल विकणें ही व्यापारांतली नेहमींची रीत आहे.

रोगण हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. मूळ भाषेंत त्याचा अर्थ तेल. आणि खरोखरच, वार्निशाची सारी विद्या तेलापासून सुरू होते. खोबरेल लाकडाला कितीही चोळलें तरी तें वाळत नाहीं. जवसाचें तेल मात्र हवेंतला प्राणवायु शोषून घेतें आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. हें वाळणें धोतर वाळण्यासारखें नव्हे. धोतरांतलें पाणी निघून जातें. जवसाचें तेल जागेवरच राहून निराळा पदार्थ बनतें. पण हा पापुद्रा मऊ. त्याला कणखरपणा आणि झळाळी यावी म्हणून त्यांत एखादी कठीण राळ वितळवून मिसळावी लागे, आणि अशा राळींत श्रेष्ठ मानली जाई ती चंद्रूस.

येथें आपल्या मुंबईचा संबंध येतो, आणि तो थोडा विस्तारानें सांगण्यासारखा आहे. उत्तम चंद्रूस झाडावरून गोळा करीत नसत. तो जमिनींतून खणून काढीत. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, झांझिबार बेटाच्या समोरच्या प्रदेशांत, फार पूर्वीं नाहींशा झालेल्या वृक्षांची राळ तांबड्या मातींत पुरलेली सांपडे. वरचें मळकट कवच क्षाराच्या पाण्यानें धुऊन काढलें कीं आंतल्या खड्यावर, पिसें उपटलेल्या बदकाच्या कातडीवर असतात तसे, बारीक बारीक उंचवटे दिसत. व्यापारी त्यावरून मालाची पारख करीत. स्वाहिली भाषेंत ह्या राळेला सान्दारूसी म्हणतात. आपला चंद्रूस आणि ती सान्दारूसी एकाच अरबी घराण्यांतल्या. शब्द गलबतांतून येतात, तो असा.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत झांझिबार हें ह्या व्यापाराचें नाकें होतें. १८३३ सालीं अमेरिकेनें मस्कतचे सुलतान सय्यद सईद यांच्याशीं तह केला; सेलम बंदराचीं जहाजें चंद्रूस व हस्तिदंत नेण्यासाठीं तेथें येत. तेथल्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी ह्या कच्छी भाटिया व्यापाऱ्याच्या पेढीकडे होता. त्या पेढीला टाळून अमेरिकन वकिलालाही माल भरतां येत नसे. मालाचा मोठा हिस्सा आपल्या बंदरांतून जाई. चंद्रूस झांझिबारहून मुंबईस येई, येथून इंग्लंडकडे रवाना होई, आणि आफ्रिकेच्या मातींतला हा पदार्थ तिकडच्या बाजारांत मुंबईचा म्हणून ओळखला जाई. लंडनच्या रस्त्यांतून श्रीमंतांच्या बग्ग्या आरशासारख्या चमकत धांवत, त्या चमकेचें मोल कोठें ठरत होतें, हें बग्गींत बसलेल्यांना ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

त्या बग्ग्या रंगवणें हें मोठें कसबाचें काम. लाकडाला प्रथम सफेत्याचा, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या भुकटीचा हात, मग भराव, तो वाळल्यावर सच्छिद्र ज्वालामुखी दगडानें पाणी लावून घासणें, पुन्हां भराव, पुन्हां घासणें, नंतर रंगाचे थर, आणि सर्वांत शेवटीं वार्निशाचे. पंधरा-वीस हात सहज होत आणि प्रत्येक हाताला वाळण्यास दिवस लागे. शेवटच्या हाताच्या वेळीं धूळ उडूं नये म्हणून खोलीची फरशी ओली ठेवीत. एक बग्गी रंगून बाहेर पडण्यास कित्येक आठवडे जात. तिची निगाही तितकीच. घोड्यांच्या तबेल्याला लागून बग्गी ठेवूं नये असा दंडक होता, कारण तबेल्यांतल्या अमोनियाच्या वाफेनें वार्निशाला तडे जात. शिवाय ठराविक काळानें वरचा थर घासून नवा चढवावा लागे.

ह्यांत कोणाला फसवणूक वाटत नसे. वरचा थर झिजण्यासाठींच आहे हें सर्वांना ठाऊक होतें. आपल्या घरांत ह्याचें उदाहरण कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यांत आंबट शिजवलें कीं कळकतें. म्हणून आंतून कथलाचा पातळ मुलामा. कल्हईवाला दारीं येई, भाता लावी, तापलेल्या भांड्यांत नवसागर टाकून कथील कापसाच्या बोळ्यानें फिरवी. भांडें चांदीसारखें लखलखे, आणि कांहीं महिन्यांनीं तेंच भांडें पुन्हां त्याच्यापुढें येई. कल्हई उडाली म्हणून कोणी त्याच्याशीं भांडलें नाहीं. त्यानें पांच वर्षांची हमी कधीं दिली नव्हती.

मुंबईंत १८९८ च्या सुमारास पहिल्या मोटारी आल्या. दिसण्यांत त्या घोडा सोडलेल्या गाड्याच होत्या आणि रंगही बग्गीच्याच पद्धतीचा होता. अडचण उत्पन्न झाली ती मोटारी मोठ्या संख्येनें होऊं लागल्या तेव्हां. १९१३ सालीं हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यांत फिरती जुळणी सुरू झाली आणि जो सांगाडा जुळवण्यास साडेबारा तास लागत, तो दीड तासांत तयार होऊं लागला. दीड तासांत गाडी आणि महिनाभर रंग, हा संसार चालणें अशक्य होतें. १९१४ पासून १९२५ पर्यंत फोर्डची मॉडेल टी ही गाडी काळ्या रंगांतच मिळे, त्याच्या मुळाशीं हें गणित आहे. खनिज डांबराच्या जातीचें काळें रोगण स्वस्त होतें, टिकाऊ होतें आणि भट्टींत भाजून लवकर वाळवतां येत होतें. उन्हानें तेलाच्या इतर रंगांची जी दैना होई, ती काळ्याची कमी होई. ह्याला कोणी फोर्डचा हेकेखोरपणा म्हणतात. मला तो हिशेब वाटतो.

काळ्या रंगाची ही सत्ता मोडली ती एका युद्धाच्या अवशेषानें. कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया केली म्हणजे नायट्रोसेल्युलोज तयार होतें. बंदुकीच्या धूरविरहित दारूचा तो मुख्य घटक. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीनें तो प्रचंड प्रमाणावर केला आणि युद्ध संपल्यावर त्या कारखान्यांना दुसरें काम हवें होतें. हाच पदार्थ कमी दाट करून विद्रावकांत विरघळवला तर फवाऱ्यानें उडवतां येणारा आणि तासाभरांत वाळणारा रंग मिळतो, हें ध्यानीं आलें. त्याला ड्यूको हें नांव मिळालें. १९२३ सालीं जनरल मोटर्सनें ओकलंड ह्या आपल्या गाडीला निळा ड्यूको दिला आणि थोड्याच वर्षांत रस्ते रंगीबेरंगी झाले. आठवड्यांचें काम तासांवर आलें. ह्या ड्यूकोनें आपल्या भाषेंत असें कांहीं बस्तान बसवलें कीं आजही कपाटाला गुळगुळीत रंग फवारून देणारा कारागीर त्यास ड्यूकोच म्हणतो, मग डब्यांत दुसराच कोणता रंग कां असेना.

परंतु ड्यूकोला एक खोड होती. तो फवारल्यावर आपण होऊन चमकत नसे. घासून चमकवावा लागे. आणि उन्हांत कांहीं महिने गेले कीं त्यावर खडूसारखी भुकटी धरे. ती घासून काढावी, खालचा ताजा थर उघडा करावा, आणि तो लवकर मरूं नये म्हणून वर मेण चोळावें, अशी रीत पडली. मोटारीच्या पॉलिशचा स्वतंत्र धंदा फोफावला तो ह्याच खोडीच्या आधारानें. मेणांत नामांकित मेण ब्राझीलच्या कार्नाउबा ताडाचें. कोरड्या वाऱ्यांत पानांतलें पाणी उडूं नये म्हणून तो ताड पानांवर मेणाचा थर धरतो. पानें तोडून, वाळवून, झोडपून तें मेण काढतात. ऐंशी अंशांच्या वर तापल्याखेरीज तें वितळत नाहीं, म्हणून मेणांमध्यें तें कठीण गणलें जातें. तरी आपल्याकडच्या उन्हांत आणि धुण्यांत त्याचा जीव थोड्या आठवड्यांचा, फार तर कांहीं महिन्यांचा. आपल्या लाखेचा येथें उपयोग झाला नाहीं. गोंदिया-भंडाऱ्याच्या पळसावर पोसली जाणारी लाख लाकूडसामानाला तेज देते. एके काळीं ग्रामोफोनच्या तबकड्याही तिच्याच असत. पण पाऊस आणि ऊन तिला सोसत नाहीं.

ह्या सुमारास मोटार-धंदा मुंबईंत मूळ धरूं लागला होता. लोअर परळ येथें १९२० सालीं गहागन पेंट्स ह्या नांवानें रंगाचा एक कारखाना निघाला. त्यांतूनच पुढें गुडलास वॉल, मग गुडलास नेरोलॅक, आणि २००६ पासून कान्साई नेरोलॅक अशीं स्थित्यंतरें झालीं. १९२८ मध्यें जनरल मोटर्सनें शिवडी येथें मोटारी जुळवण्यास आरंभ केला. १९४२ सालीं गिरगांवांत चार मित्रांनीं एशियन पेंट्सची स्थापना केली. १९४४ मध्यें सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभारली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून गाड्या बाहेर पडूं लागल्या. पुढें कल्याण-डोंबिवलीच्या बाजूसही प्रीमियरचा कारखाना झाला. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत प्यूजो ३०९ ही फ्रेंच बनावटीची गाडी तेथें तयार होत होती. गाडी गेली, कंपनीही ओसरली. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर कॉलनी हें नांव मात्र राहिलें. वर्तकनगरापासून उत्तरेस, घोडबंदर रस्त्यावरच्या कावेसर येथें नेरोलॅकचा कारखाना होता. तेव्हां ठाणें-कल्याणच्या पट्ट्यांत मोटार आणि तिचें रोगण हीं दोन्ही जवळजवळ घरचींच होतीं.

ह्या काळांतल्या मोटार-मालकाची मनोवृत्ति आजच्याहून अगदीं निराळी होती, आणि ती समजून घेतली पाहिजे. फियाट मिळण्यास कित्येक वर्षें नांव नोंदवून वाट पाहावी लागे. मिळाली कीं ती वीस-वीस वर्षें वापरीत. तिच्या पत्र्याला कोंकणच्या हवेंत गंज चढणें हें केसांना पांढरेपणा येण्याइतकें ठरलेलें. दाराच्या खालच्या कडेपासून, चाकावरच्या कमानीच्या आंतून गंज सुरू होई आणि रंग फुगून आला कीं कळे. मग गाडी गॅरेजमध्यें जाई. मिस्त्री ठोके काढी, गंजका पत्रा कापून दुसरा जोडी, लुकण भरी, घासून गुळगुळीत करी आणि सर्वांगाला नवा रंग देई. ह्याला डेंटिंग-पेंटिंग म्हणत. गाडीच्या आयुष्यांत हा संस्कार दोन-तीनदां होई. अर्थात् रंगाला लेप देऊन जपण्याची कल्पनाच कोणाला सुचण्यासारखी नव्हती. कापडी खोळ घालावी, दिवाळीला मेण चोळावें, आणि पुढचें मिस्त्री पाहून घेईल. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. त्या काळ्या-पिवळ्या गाड्यांच्या अंगावर एकावर एक किती हात चढलेले असत, ह्याची गणती त्यांच्या मालकांनाही सांगतां आली नसती.

मग बदललें काय? गंजाचा प्रश्न पुष्कळसा सुटला, आणि तो लेपवाल्यांनीं सोडवला नाहीं. १९६० नंतर फोर्डच्या कारखान्यांत विजेच्या साहाय्यानें अस्तर बसवण्याची युक्ति प्रचारांत आली आणि १९७० नंतर तिची सुधारलेली आवृत्ति जगभर पसरली. गाडीचा सबंध सांगाडा रंगद्रव्याच्या टांकींत बुडवावयाचा आणि त्यांतून वीज खेळवावयाची. रंगाचे कण विजेच्या ओढीनें पत्र्यावर बसतात. जेथें थर बसला तेथें वीज अडते, म्हणून उरलेले कण आपोआप उघड्या सांदीकोपऱ्यांकडे वळतात. ब्रशला किंवा फवाऱ्याला जेथें पोंचतां येत नाहीं, त्या दाराच्या पोकळीपर्यंत सारखा थर बसतो. मग तो भट्टींत भाजतात. १९८३ च्या डिसेंबरांत गुडगांवहून पहिली मारुति बाहेर पडली, त्याच दशकांत नेरोलॅकनें जपानच्या कान्साई कंपनीशीं तांत्रिक सहकार्य केलें, आणि हळूहळू ही विद्या आपल्या रस्त्यावरच्या साध्या गाड्यांपर्यंत आली. फियाटला जो गंज पांचव्या वर्षीं गांठी, तो आजच्या गाडीला बहुधा गांठीत नाहीं, ह्याचें मुख्य श्रेय मालकाला कधींच न दिसणाऱ्या ह्या अस्तराला आणि जस्त चढवलेल्या पत्र्याला आहे.

दुसरा बदल वरच्या अंगाला झाला. पूर्वीं रंग आणि चमक एकाच थरांत असे. १९८० नंतर रंगाचा पातळ थर निराळा आणि त्यावर निव्वळ पारदर्शक रोगणाचा थर निराळा, अशी पद्धत रूढ झाली. बग्गीवाल्यांचें वार्निश असें शंभर वर्षांनीं परत आलें! ह्याच पारदर्शक थरांत सूर्याचे घातक किरण शोषणारीं द्रव्यें असतात. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; डोक्याचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. तेव्हां आज आपण मोटारीच्या रंगाचें रक्षण म्हणतों तें पत्र्याचेंही नव्हे आणि खऱ्या अर्थानें रंगाचेंही नव्हे. केसाहून पातळ अशा एका पारदर्शक पडद्याचें तें रक्षण आहे.

ठाण्यांत ह्या पडद्याचे शत्रु थोडे नाहींत. वर्षाकाठीं अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाडीवरून येणारी दमट हवा, चाललेल्या बांधकामांची सिमेंटची धूळ, येऊरच्या झाडींतून येणाऱ्या पांखरांची विष्ठा. ह्यांपैकीं विष्ठा सर्वांत वाईट. दुपारच्या उन्हांत तापून मऊ झालेल्या थरावर ती वाळली कीं तिचा ठसा कायमचा उमटतो. धूळ स्वतः फारसें करीत नाहीं. ती कोरड्या फडक्यानें पुसणारा हात करतो. सकाळीं एकाच बादलीच्या पाण्यांत दहा गाड्या पुसल्या जातात, तेव्हां पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर घासली जाते. उन्हांत बॉनेटवर जीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं गोल गोल चरे दिसतात, त्यांचा उगम बहुतेक ह्या फडक्यांत असतो.

आतां लेपांकडे येऊं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं टेफ्लॉन लेपाची चलती होती. टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ सालीं ड्यूपाँटच्याच रॉय प्लंकेट यांना योगायोगानें सांपडला. तव्याला तो चिकटवण्यासाठीं सव्वातीनशें अंशांहून अधिक तापवावा लागतो. रंगवलेली मोटार एवढी तापवली तर रंगच शिल्लक राहणार नाहीं. तेव्हां मेणांत मिसळून गाडीवर चोळलेलें टेफ्लॉन हें मेणाइतकेंच टिकणार, हें सरळ आहे. पुष्कळांनीं पैसे दिले ते नांवाला.

सिरॅमिक लेपाची गोष्ट तितकी पोकळ नाहीं. वाळूचें जें मूलद्रव्य सिलिकॉन, त्याचीं कांहीं संयुगें विद्रावकांत मिसळलेलीं असतात. फडक्यानें पुसून लावल्यावर हवेंतल्या बाष्पाशीं त्यांची क्रिया होते आणि कांचेच्या जातीचा एक घट्ट पापुद्रा तयार होतो. तो मेणासारखा उन्हानें उडत नाहीं, साबणानें धुपत नाहीं. बरीच वर्षें तग धरूं शकतो. त्याच्यावर पाणी पसरत नाहीं, त्याचे मणी होऊन ओघळतात. अळवावरचें पाणी आपण क्षणभंगुरतेची उपमा म्हणून वापरतों. विज्ञानानें त्याच पानाकडे टिकाऊपणाच्या दृष्टीनें पाहिलें. जर्मनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनीं १९९७ मध्यें कमळाचें पान स्वच्छ कसें राहतें ह्याचा उलगडा प्रसिद्ध केला, त्यांत अळूच्या पानाचाही अभ्यास होता. पानावरचे सूक्ष्म उंचवटे आणि मेण यांमुळें पाण्याचा थेंब टेकतो तो टोंकांवर, आणि घरंगळतांना धूळ घेऊन जातो. गाडीवरचा लेप अळूच्या पानाची बरोबरी करीत नाहीं. त्याला तसे उंचवटे नाहींत. पण धुण्याचे श्रम तो खरोखर कमी करतो.

मात्र ह्या पापुद्र्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास. दगड उडून लागला, कोणी किल्ली ओढली, तर तो कांहीं करूं शकत नाहीं. माहितीपत्रकावर नऊ एच असा कठीणपणा छापलेला असतो. हें माप शिसपेन्सिलीचें आहे. लेपावर नऊ एच पेन्सिलीनें ओरखडा उठला नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. हिऱ्याच्या कठीणतेची जी दहा पायऱ्यांची शिडी आपण शाळेंत शिकतों, तिच्याशीं त्याचा संबंध नाहीं. साधी वाळू ह्या लेपाला खुशाल ओरखडते. दगडाचा मार अडवावयाचा असेल तर पारदर्शक कातडें हाच उपाय. पॉलियुरेथेनची ही जाड फिल्म व्हिएतनामच्या युद्धांत हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूनें झिजूं नयेत म्हणून वापरांत आली. मोटारीवरची फिल्म दीडशें ते दोनशें मायक्रॉन असते. म्हणजे ज्या थराचें ती रक्षण करते त्याच्या तिप्पट-चौपट जाड. ती मार खरोखरच अंगावर घेते. तिची किंमतही तशीच.

आतां एक गोष्ट, जी दुकानांत क्वचितच सांगितली जाते. लेप चढवण्यापूर्वीं गाडी यंत्रानें घासून चकचकीत करतात, कारण लेपाखालीं राहिलेला चरा तसाच राहतो. ह्या घासण्यांत पारदर्शक थराचे दोन-चार मायक्रॉन, कधीं अधिकही जातात. म्हणजे एक-दोन मायक्रॉनच्या पाहुण्यासाठीं घरचे दोन-चार मायक्रॉन खर्चीं पडतात. एकदां हें चालेल. पण दर वर्षीं नवा लेप, दर वर्षीं नवें घासणें असा क्रम धरला, तर ज्याचें रक्षण करावयाचें तोच थर ठिकठिकाणीं संपत येतो, आणि सूर्यकिरण खालच्या रंगावर थेट पडूं लागतात. रंगाची जाडी मोजण्याचें लहानसें यंत्र असतें; चांगला कारागीर तें प्रथम बाहेर काढतो आणि आंकडा मालकाला दाखवतो. ज्या दुकानांत तें यंत्रच नाहीं, तेथें घासण्याची परवानगी देऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. नव्या गाडीवर तर ह्या घासण्याचें कारण बहुधा फारच थोडें असतें.

राहतां राहिला तो लेप चढवणारा माणूस. बग्गीच्या काळांत सफेत्याच्या शिशानें रंगाऱ्यांना पोटशूळ होई, मनगटें लुळीं पडत. १९२१ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें इमारतींच्या आंतल्या रंगकामांत सफेता वापरूं नये असा करार केला. ड्यूकोच्या काळांत विद्रावकांच्या वाफा आणि आगीचें भय आलें. आजच्या दोन भाग मिसळून फवारावयाच्या रोगणांत आयसोसायनेट असतें, आणि रंग फवारणाऱ्यांना जडणाऱ्या दम्याचें तें एक प्रमुख कारण म्हणून वैद्यकांत प्रसिद्ध आहे. लेप पुसून लावणाऱ्याला फवाऱ्याइतका धोका नसला तरी बंद खोलींत दिवसभर विद्रावकांच्या वाफेंत त्याचें नाक असतें. कापडाची पट्टी धूळ अडवते, वाफ अडवीत नाहीं. त्यासाठीं कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो आणि वारें खेळतें राहावें लागतें. भारत सरकारनें २०१६ सालीं रंगांतल्या शिशाचें प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांवर आणून बांधलें, पण तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. मोटारीचें रोगण त्याच्या कक्षेंत येत नाहीं.